दाखल होताना विचारला जाणारा एक प्रश्न

मांडीचे हाड मोडल्याने एक गृहस्थ रुग्णालयात दाखल होतात. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांचे हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसत असल्याचे सांगत ते सलाईनची नळी ओढून काढतात. भूल डोक्यात गेली किंवा बाहेरची बाधा झाली, असे नातेवाइकांना वाटते. वास्तविक, रोज मद्य घेण्याची सवय झालेल्या शरीराला ते अचानक मिळेनासे झाल्याचा हा परिणाम असतो. शेवटच्या मद्यपानानंतर साधारणतः दोन ते चार दिवसांत उद्भवणाऱ्या या अवस्थेस डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळीच उपचार न झाल्यास ती जिवावर बेतू शकते.

सर्वच रुग्णालयांना परिचित असलेला हा प्रसंग बहुतांशी टाळता येतो. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. दाखल करून घेताना व्यसनाविषयी केलेली विचारपूस पुरते.

ही विचारपूस आम्ही प्रत्येक प्रौढ रुग्णाकडे करतो. चेहरा, पोशाख किंवा व्यवसाय पाहून विचारले, तर काहींचा अकारण अपमान होतो आणि अनेकजण नजरेतून सुटतात. म्हणून मधुमेह, रक्तदाब, औषधांची अॅलर्जी यांच्याच ओळीत हा प्रश्न येतो. आधी तंबाखू व मिश्री, मग मद्य, त्यानंतर झोपेच्या गोळ्या व अन्य अमली पदार्थ, असा क्रम ठेवल्यास संकोच कमी होतो. स्त्रियांनाही हेच प्रश्न विचारले जातात. शक्यतो नातेवाइकांना बाहेर थांबवून विचारतो. कारण पत्नी किंवा मुलांसमोर खरे उत्तर देणे अनेकांना जड जाते.

'कधीतरी, थोडीशी' या उत्तरावरून मात्र काहीच मोजता येत नाही. यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध केली. किती वेळा, किती प्रमाणात, सकाळी उठताच गरज भासते का, कोणाला इजा झाली का, असे तिचे प्रश्न आहेत. एकूण ४० गुणांपैकी ८ किंवा अधिक गुण धोक्याची सूचना देतात. २० किंवा अधिक असल्यास व्यसनाधीनतेची सविस्तर तपासणी करावी लागते. एका बैठकीत सहा किंवा त्याहून अधिक पेये घेतली जातात का, असा तिसरा प्रश्न आहे. व्हिस्की किंवा रमचे ३० मिलिलिटर म्हणजे सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल, अर्थात एक पेय. या हिशेबाने 'फक्त एक क्वार्टर' म्हणजे १८० मिलिलिटर, नेमकी सहा पेये होतात. हे गणित समजावून सांगताच अनेक रुग्ण प्रथमच विचारात पडतात.

उत्तरानुसार पुढील दिशा ठरते. धोका कमी असेल, तर काही मिनिटांचा समजुतीचा सल्ला उपयोगी पडतो. व्यसन जडले असेल, तर थरकाप सुरू होण्यापूर्वीच योग्य औषधे सुरू करता येतात आणि ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन हे जीवनसत्त्व देऊन मेंदूची इजा टाळता येते. पुढे समुपदेशन, व्यसनमुक्ती केंद्र व अल्कोहोलिक्स अॅनॉनिमससारखे स्वमदत गट यांचा मार्ग दाखवता येतो.

केंद्र शासनाच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, मद्याच्या आहारी गेलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी सुमारे एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मदत मिळते. उरलेले व्यसनमुक्ती केंद्रापर्यंत पोहोचत नाहीत. परंतु कावीळ, जठराचा दाह, रक्तदाब किंवा अपघात यांमुळे सर्वसाधारण रुग्णालयात ते येतातच. तेथेही कोणी विचारले नाही, तर ती संधी हुकते.

केसपेपरवर नोंद झाल्यास बदनामी होईल, विम्याचा दावा अडेल, ही कुटुंबीयांची भीती आम्ही जाणतो आणि ती निराधार आहे असेही म्हणत नाही. परंतु लपवलेल्या माहितीची किंमत तिसऱ्या रात्री रुग्णालाच मोजावी लागते. आपणांस एकच विनंती : आपला माणूस रोज मद्य घेत असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे, घरच्या घरी ते एकाएकी बंद करू नये. आमचा हा प्रश्न दोष देण्यासाठी नसून जीव वाचवण्यासाठी आहे.