निर्भेळ म्हणजे काय?

सातबाऱ्यातला सात म्हणजे मालकी आणि बारा म्हणजे पीक, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण बारा नंबरच्या नमुन्यातले रकाने किती जणांनी वाचले असतील? ‘मिश्र पिकाखालील क्षेत्र’, ‘निर्भेळ पिकाखालील क्षेत्र’, ‘अजल सिंचित’. हे शब्द तलाठ्याचे. शेतकरी सांगायचा, “पऱ्हाटीत तुरीचे तास हायेत,” आणि तलाठी त्याचे सरकारी भाषांतर करायचा. (कधी कधी शेताकडे न फिरकताही करायचा, तो भाग वेगळा!)

15 ऑगस्ट 2021 रोजी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि हा दुभाष्या बाजूला झाला. आता शेतकऱ्याने आपल्याच मोबाइलवर गट निवडायचा, पीक भरायचे आणि शेतात उभे राहून फोटो काढायचा. ही नोंद नसेल तर हमीभावाच्या खरेदीत आणि नुकसानभरपाईत माणूस अडतो. वऱ्हाडातल्या कोरडवाहू घराला ते परवडणारे नाही.

मी अमरावतीचा. उभा जन्म संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्यात गेला. आमच्या धंद्यातली जुनी रीत अशी, की आधी माहितीचे तक्ते ठरवायचे, मग नियम बसवायचे आणि शेवटी वेळ उरलाच तर माणसाला दिसणारा पडदा सजवायचा. म्हणजे घर बांधून झाल्यावर दार कुठे ठेवायचे ते बघायचे.

अकोल्याकडे खारपाणपट्ट्यात माझ्या मामीची अडीच एकर जमीन आहे. तिच्या मोबाइलवर नोंद करायला मी बसलो, तेव्हा पिकाच्या वर्गापाशी ती अडली. “निर्भेय म्हंजे काय गा, बाप्पू?” वऱ्हाडी जिभेवर ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे प्रश्न भलताच शूर वाटला. म्हटले, “नुसती पऱ्हाटी, दुसरं काही नाही.” तेवढ्यात तिचे लक्ष पुढच्या कंसाकडे गेले. तिथे ‘एक पीक’ असे लिहिले होते. तो कंस मला फार आवडला. कोणीतरी हा प्रश्न आधीच ऐकला असावा.

क्षेत्राचे मात्र तसे नाही. बियाण्याची थैली, निंदणाची मजुरी, वखराचा खर्च, मामीचा सगळा हिशेब एकरात. दप्तर मात्र हेक्टर-आर मागते. एका एकराचे सुमारे 40 आर, म्हणजे अडीच एकराचे एक हेक्टर आणि वर एखादा आर. हा गुणाकार यंत्र क्षणात करील, तो साठीतल्या बाईने का करावा? पण एकराचा रकाना नुसता रंगवून भागत नाही. अपूर्णांक कुठे तोडायचा, सातबाऱ्यावरच्या आकड्याशी तो कसा जुळवायचा, हे आतल्या हिशेबातच आधी ठरवावे लागते.

2022 च्या सुधारित आवृत्तीत मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिके नोंदवण्याची सोय झाली आणि भरलेली माहिती 48 तासांत दुरुस्त करण्याचीही. दिसायला दोन किरकोळ बदल. पण कपाशीतली तूर आणि मूग मावायचे तर खालच्या साठ्यातच जागा हवी. आणि ‘दुरुस्ती’चे बटण काढायचे तर नोंद किती वेळ शेतकऱ्याची आणि कधीपासून सरकारची, याचा निकाल महसूल खात्यालाच लावावा लागतो. चित्रकाराच्या हातचे ते काम नव्हे.

उत्तर युरोपातील छापखान्यांच्या कामगारांनी 1981 पासून ‘युटोपिया’ नावाच्या प्रकल्पात हेच केले. संशोधकांबरोबर त्यांनी पुठ्ठ्याची खोटी यंत्रे मांडली, त्यांच्यापुढे बसून रोजचे काम करून पाहिले, आणि मग खऱ्या यंत्राकडून काय हवे ते सांगितले. पुठ्ठा आपल्याकडेही स्वस्त आहे. पुढची आवृत्ती बेतताना मुंबई-पुण्याच्या मंडळींनी तो घेऊन जुलैत एकदा अकोल्याकडे यावे. मामी चहा पाजील, आणि पोटखराबा कशाला म्हणतात तेही बांधावर उभे करून दाखवील.