टाकीपासून प्लगपर्यंत: अडलेल्या पेट्रोलचा माग

कार्बोरेटरची मोटारसायकल रस्त्यात बंद पडली की बहुतेक जण आधी कार्बोरेटरच उघडायला घेतात. माझ्या मते घोटाळा तिथेच सुरू होतो. पेट्रोलच्या वाटेवर कार्बोरेटर सगळ्यात शेवटी येतो. त्याच्याआधी टाकीचं झाकण, कॉक, जाळी आणि नळी अशी चार ठिकाणं आहेत, आणि ती तपासायला पाना जवळपास लागतच नाही.

या विषयाचं वेड मला लागलं ते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. तिथल्या एका जुन्या मिस्त्रींच्या गॅरेजात मी वर्षानुवर्षं जाऊन बसतो. गिऱ्हाईक घामाघूम होऊन गाडी ढकलत आणतं. मिस्त्री हात पुसत उठतात आणि तीनच प्रश्न विचारतात. "गार असताना बंद पडते का गरम झाल्यावर? चोक ओढला की सुधारते का बिघडते? आणि एक्सलेटर किती पिळल्यावर अडते?" उत्तरं ऐकून त्यांचा हात जिथे जातो, बिघाड बहुधा तिथेच सापडतो. कार्बोरेटरच्या गाडीचं निदान कानांनी आणि प्रश्नांनी होतं, पाना नंतर येतो, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

इतिहास थोडक्यात उरकतो. वाहत्या द्रवाचा वेग वाढला की दाब कमी होतो, हे डॅनिएल बर्नूलीने १७३८ साली मांडलं. चिंचोळ्या नळीतल्या प्रवाहाचा अभ्यास इटलीच्या व्हेंचुरीने १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाखने आणि हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीने घडवला. आपल्याकडे बुलेटवर आधी अमल आणि नंतर मिककार्ब आला. म्हैसूरच्या जावा-येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत आणि १९८५ ते १९९६ या काळातली आरएक्स १०० यांनी दोन पिढ्यांना कार्बोरेटर साफ करायला शिकवलं. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्यांवर जवळपास सगळीकडे इंजेक्शन बसलं. पण रस्त्यावर जुन्या गाड्या अजून भरपूर आहेत आणि हा लेख त्यांच्यासाठी आहे.

पहिला साक्षीदार प्लग

शोध सुरू करण्याआधी एक शंका फेडून घ्यावी. बिघाड खरंच पेट्रोलचा आहे का? कार्बोरेटरच्या नावावर खपणाऱ्या कितीतरी तक्रारी निघतात करंटच्या. म्हणून पाच-सात किका मारून झाल्या की प्लग काढून पाहावा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. ओला चिंब असेल तर पेट्रोल येतंय, पण ठिणगी पडत नाही, किंवा पेट्रोल नको तितकं येतंय. चालत्या गाडीचा प्लग फिकट तपकिरी दिसला तर सगळं ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट भाजलेलं टोक म्हणजे पेट्रोल कमी.

इथेच चोकचा प्रश्न उपयोगी पडतो. चोक ओढला की मिश्रणातलं पेट्रोल वाढतं. इंजिन गरम असतानाही चोक ओढल्यावर गाडी सुधारली, तर तिला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फुकटची हवा आत येतेय. चोकने ती आणखी गडबडली, तर पेट्रोल आधीच जास्त आहे. एका खिट्टीच्या हालचालीत निम्म्या शक्यता बाद होतात.

झाकण, कॉक आणि नळी

गाडी दहा-पंधरा मिनिटं झकास चालते, मग हळूहळू जोर सोडत बंद पडते. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू होते. "कॉइल तापते," असं म्हणून लोक कॉइल बदलतात. कॉइलचा बिघाड असाच दिसू शकतो हे खरं, पण आधी फुकटची तपासणी करावी. गाडी बंद पडली त्याच क्षणी टाकीचं झाकण उघडा. "सुस्स" करून हवा आत शिरली आणि मिनिटाभरात गाडी सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलेलं आहे. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. हे छिद्र धुळीने, पॉलिशने बुजतं, आणि टाकीवर चढवलेल्या रेक्झिनच्या कव्हरनेही झाकलं जातं.

पुढे कॉक. इंजिन गार असताना, मोकळ्या हवेत, आसपास विडी-काडी नाही याची खात्री करून नळी कार्बोरेटरपासून सोडवा आणि बाटलीत धरा. साधा हिशेब असा: लिटरला तीस किलोमीटर देणारी बुलेट ताशी साठने चालली तर तासाला दोन लिटर पिते, म्हणजे मिनिटाला तेहेतीस मिलिलिटर. पूर्ण एक्सलेटरला ही गरज दुपटी-तिपटीवर जाते. निरोगी कॉकातून मिनिटाभरात दोनशे मिलिलिटर सहज यायला हवं. ही चाचणी आधी झाकण लावून आणि मग उघडून करावी. दोन्हींत फरक पडला तर दोष झाकणाचा. दोन्ही वेळा धार बारीक आली तर कॉकाची जाळी गंजाने भरली आहे.

गाडी रिझर्व्हला आली की नेमकी कुरकुरायला लागते, यालाही कारण आहे. कॉकाची "ऑन"ची नळी टाकीत उंच उभी असते, तर रिझर्व्हचं तोंड तळाशी. गंज आणि पाणी बसतं तेही तळाशीच. जी टाकी कधीच रिझर्व्हला येत नाही, तिच्यात हा गाळ वर्षानुवर्षं साचतो.

नळीबद्दल माझं मत ठाम आहे. जुन्या गाड्यांवर पेट्रोल केवळ उंचीच्या जोरावर उतरतं, पंप नसतो. अशा नळीत बाहेरचा मोठा फिल्टर अडकवला आणि नळीला वर चढणारा बाक आला, की हवेचा बुडबुडा अडकतो आणि धार तुटते. फिल्टर लावायचाच तर छोटा लावा आणि नळी सतत उताराची ठेवा.

वाटीचा स्क्रू

कार्बोरेटरच्या तळाला वाटी असते आणि वाटीला ड्रेनचा छोटा स्क्रू. निदानाची सगळ्यात मोलाची जागा हीच. कॉक चालू ठेवून स्क्रू सैल करा. धार अखंड राहिली तर टाकीपासून वाटीपर्यंतची वाट मोकळी आहे आणि बिघाड त्यापुढे, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटांमध्ये आहे. धार आली आणि थोड्या वेळात थेंबांवर आली, तर मागे कुठेतरी अडलंय. निघालेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत धरून पाहावं. तळाशी वेगळे थेंब लोळताना दिसले तर ते पाणी.

वाटीतला फ्लोट घरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉल-कॉकसारखं काम करतो. पातळी चढली की तो सुईने तोंड बंद करतो. सुईच्या टोकावर झिजून कंगोरा पडला की तोंड नीट बंद होत नाही आणि गाडी ओव्हरफ्लो होते. जुना पितळी फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल डचमळलं तर तो भोक पडून जड झाला आहे. फोर-स्ट्रोक गाडी रात्रभर ओव्हरफ्लो झाली असेल तर ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

पायलट जेट, माझा लाडका

आता तिसरा प्रश्न: एक्सलेटर किती पिळल्यावर अडते? मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा आणि गाडी चालवून पाहा. बंद मुठीपासून साधारण पावपर्यंत पायलट जेटचं राज्य असतं, त्यात वरच्या भागात मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडच्या कापाचाही वाटा असतो. पावपासून पाऊणपर्यंत स्लाइडला लटकणारी सुई आणि तिची नळी कामाला येते. पाऊणच्या पुढे मेन जेट. गाडी आयडलला थांबत नाही पण रेस दिली की पळते, तर मेन जेट काढण्यात अर्थच नाही. चढावर पूर्ण पिळल्यावर दम सोडते पण गावात गोड चालते, तर पायलटला हात लावू नका.

सगळ्यांत जास्त छळतो तो पायलट. गावातल्या गर्दीत आपला बहुतेक वेळ पाव मुठीच्या आतच जातो, म्हणजे रोजचं चालवणं याच्याच भरवशावर. त्याचं भोक इतकं बारीक की गाडी महिनाभर उभी राहिली आणि वाटीतलं पेट्रोल उडून गेलं, की उरलेल्या चिकट थराने ते बुजतं. मग सकाळी चोकशिवाय सुरू होत नाही, सिग्नलला बंद पडते, आणि उतारावर मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतात.

जेट हातात घेऊन उजेडाकडे धरायचं आणि पलीकडे गोल, स्वच्छ ठिपका दिसतोय का पाहायचं. हे काम मला तासन्‌तास करायला आवडतं. ठिपका अर्धवट दिसला तर जेट कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, कॉम्प्रेसरची हवा मारा, पुन्हा पाहा. जेटच्या अंगावरची आडवी छिद्रंही मोकळी हवीत, कारण पेट्रोलात हवा मिसळते ती तिथून. तार मात्र कधीही घालू नका. केहिन कंपनीच्या जेटवर ३५ लिहिलं असेल तर भोक ०.३५ मिलिमीटर. तारेने घासून ते ०.४० झालं, तर क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी वाढतं. पाच शतांश मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, पण प्लगवरच्या काजळीत लगेच दिसतं. पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांतून मी जेट बघत हिंडलो आहे. स्वस्त नकली जेटवरचा आकडा आणि आतलं भोक यांचा मेळ बसेलच असं नाही. कंपनीचं जुनं जेट साफ करून वापरणं नव्या नकलीपेक्षा केव्हाही चांगलं.

पायलटसोबत त्याचा स्क्रू येतो. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा सोडतो, म्हणजे उघडला की पेट्रोलचं प्रमाण घटतं. इंजिनच्या बाजूला असेल तर उलट, उघडला की पेट्रोल वाढतं. इंजिन पूर्ण गरम करून, स्क्रू हलक्या हाताने बंद करून, साधारण दीड आटे उघडावा. मग पाव-पाव आटा फिरवत रेस सगळ्यात वर आणि सुरळीत जाते ती जागा शोधावी. स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिनला काही फरक पडला नाही, तर पायलटची वाट बुजलेली आहे.

एक बहुरूपी मात्र इथे फसवतो. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर चिरलं की तिथून हवा शिरते आणि सगळी लक्षणं बुजलेल्या पायलटची दिसतात. मूठ सोडल्यावरही रेस खाली यायला वेळ लागला तर त्या सांध्यावर पिचकारीने थोडं पाणी मारा. रेस बदलली की चोर सापडला. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं सील गेलं तरी हेच दिसतं.

खारदुंगला आणि ऊस

लडाखला जाणाऱ्या मराठी बुलेटवाल्यांची टोळी दर उन्हाळ्यात निघते. मीही मनालीहून लेहला गेलो आहे, आणि वाटेत धुसफुसणाऱ्या गाड्यांपाशी थांबून त्यांचे प्लग पाहिले आहेत. सगळे काळे. लेहच्या पुढची खारदुंगला खिंड ५,३५९ मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. कार्बोरेटर हे जाणत नाही, तो जवळपास नेहमीइतकंच पेट्रोल सोडत राहतो. म्हणून बिघाड झाला असं न समजता सुईची क्लिप एक खाच वर घ्यावी, म्हणजे सुई खाली उतरते आणि पेट्रोल घटतं. फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला तिथे सर्रास मिळतो. त्याला माझा विरोध आहे, कारण तिथली धूळ सिलिंडर घासून टाकते. आणि खाली उतरल्यावर क्लिप आठवणीने जागेवर आणायची, नाहीतर कमी पेट्रोलावर पिस्टन तापतो.

दुसरा मुद्दा आपल्या दारातला. फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं, आणि त्या इथेनॉलमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या उसाचा वाटा आहे. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो याचा मला आनंद आहे. पण जुन्या गाडीची काळजी वेगळी घ्यावी लागते. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलोच. त्यामुळे जुन्या जेटवर हे इंधन थोडं कमी पडतं. इथेनॉल पाणी शोषतं, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की त्याला घेऊन तळाशी वेगळं बसतं. जुन्या नळ्या आणि रबरी सील त्याने फुगतात, कडक होतात. म्हणून नळ्या आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्याव्यात, आणि उभ्या गाडीची टाकी अर्धी रिकामी ठेवू नये.

दिवाळीला गावी निघाला असाल आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी गच्च भरा, कॉक बंद करा, वाटीखाली बाटली धरून ड्रेनचा स्क्रू उघडा आणि वाटी रिकामी करून स्क्रू पुन्हा आवळा. परत आल्यावर कॉक उघडून अर्धा मिनिट थांबा, मग किक मारा. एवढं केलंत तर या लेखातली निम्मी लक्षणं तुमच्या गाडीत दिसणार नाहीत. उरलेल्या निम्म्यांसाठी त्या तीन प्रश्नांपासून सुरुवात करा आणि त्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय कार्बोरेटरला पाना लावू नका.