बंब येईपर्यंत काय? तुम्हीही होऊ शकता स्वयंसेवक

इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून धूर येऊ लागला की खाली लगेच गर्दी जमते. कुणी ओरडत असतो, कुणी मोबाइल वर धरून व्हिडिओ काढत असतो, तर कुणी पाण्याची बादली घेऊन जिन्याकडे धावत असतो. १०१ ला फोन केला का, असे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात. दुसऱ्या कुणीतरी केलाच असेल, असे प्रत्येकाला वाटत असते. शेवटी बंब येतो, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमुळे नाक्यावरच अडकतो.

या गर्दीत धाडसी माणसे कमी नसतात. काय करायचे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करायचे नाही, हे शिकलेली माणसे मात्र कमी असतात. हे शिकवणारी सरकारी व्यवस्था आपल्या देशात आहे. फक्त तिच्याकडे कसे जायचे, हे अनेकांना माहीत नसते.

कुठे नाव नोंदवता येते?

चिलीसारख्या देशात अग्निशमन दलाचे जवानच स्वयंसेवक असतात. दिवसा नोकरी करायची आणि भोंगा वाजला की धावायचे, अशी तिथली पद्धत आहे. आपल्याकडे हे काम महापालिका, नगरपालिका किंवा राज्य सरकारचे पगारी जवान करतात. त्यामुळे आपल्याकडच्या स्वयंसेवकाची भूमिका त्यांना मदत करण्याची असते. त्यासाठी मुख्यतः तीन वाटा आहेत.

नागरी संरक्षण दल : १९६८ च्या कायद्यानुसार हे दल युद्धकाळासाठी उभे राहिले. २००९ च्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापनही त्याच्या कामात आले. वय १८ पूर्ण आणि शिक्षण किमान चौथीपर्यंत, एवढीच मूळ अट आहे. ७ मे २०२५ रोजी देशभर झालेल्या मॉक ड्रिलमध्ये सायरन वाजले, तेव्हा अनेक तरुणांनी या दलाचे नाव पहिल्यांदा ऐकले.

गृहरक्षक दल : म्हणजेच होमगार्ड. याची सुरुवात डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईत झाली. बंदोबस्ताबरोबरच आग आणि पुराच्या वेळीही होमगार्ड मदतीला असतात. कामावर बोलावलेल्या दिवसांचा भत्ता मिळतो.

आपदा मित्र : राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ही योजना २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली. पुढे ती ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडवण्यासाठी वाढवण्यात आली. यात १२ दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते.

अग्निशमन केंद्र आणि स्वयंसेवक थेट जोडले गेल्याचे चांगले उदाहरण केरळचे आहे. २०१८ च्या महापुरात तिथल्या मच्छीमारांनी आपल्या होड्या आणून हजारो लोकांना बाहेर काढले. त्यानंतर राज्याने अग्निशमन सेवेच्या अंतर्गतच नागरी संरक्षण दल उभे केले. प्रत्येक केंद्रामागे ५० याप्रमाणे १२४ केंद्रांसाठी ६,२०० स्वयंसेवक, अशी त्याची आखणी होती.

तुम्ही पुण्यात असा, इंदूरला, बडोद्याला की हैदराबादला, चौकशीची जागा साधारण एकच आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात किंवा जवळच्या अग्निशमन केंद्रात जाऊन विचारा. प्रत्येक जिल्ह्यात तिन्ही वाटा खुल्या असतीलच असे नाही, पण तुमच्या भागात काय चालू आहे, हे तिथे कळते.

प्रशिक्षणात काय शिकाल?

आगीला जळण, हवा आणि उष्णता लागते. यातले एक काढून घेतले की ती विझते. हे समजले की कढईतल्या तेलाने पेट घेतल्यावर कुणी पाणी ओतत नाही. गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवले जाते.

सिलिंडर गळत असेल तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद करायचे नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करायचा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो.

भिंतीवरचा अग्निशामक कसा वापरायचा, हेही प्रत्यक्ष करून पाहता येते. आधी पिन काढायची, नळी ज्वाळांवर न धरता आगीच्या बुडाशी धरायची आणि दांडा दाबून नळी डावी-उजवीकडे फिरवायची. याशिवाय दोरीच्या गाठी, चादर आणि बांबूचे स्ट्रेचर, मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबून दिला जाणारा सीपीआर, भाजलेल्या जागेवर २० मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडणे, असे बरेच काही शिकायला मिळते. टूथपेस्ट किंवा बर्फ लावायचा नाही, हेही तिथेच कळते.

सर्वात कठीण धडा

धुराने भरलेल्या घरात शिरायचे नाही, हा तो धडा. आत कुणीतरी अडकले आहे हे माहीत असताना दारात थांबणे फार अवघड असते. पण आगीत ज्वाळांपेक्षा धूर जास्त जीव घेतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि काही मिनिटांतच माणूस बेशुद्ध पडू शकतो. श्वसनयंत्राशिवाय आत गेलेला माणूस बहुतेक वेळा कुणाला बाहेर आणत नाही, उलट जवानांना आणखी एकाला शोधावे लागते.

प्रशिक्षित जवानांनाही हा धोका असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्यांबरोबर स्फोटके होती. आग विझवताना झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

मग स्वयंसेवकाने बाहेर राहून काय करायचे? वीजजोडणीचा मुख्य स्विच बंद करायचा. लोकांना लिफ्टने नव्हे, जिन्याने उतरवायचे. खाली एका जागी सगळ्यांना उभे करून मोजायचे. गाड्या हटवून रस्ता मोकळा करायचा. अधिकारी येताच कोणत्या घरात आग आहे, आत किती जण आहेत, सिलिंडर कुठे आहे आणि पाण्याची टाकी कुठे आहे, हे सांगायचे. ही माहिती तयार असेल तर जवानांची मोलाची मिनिटे वाचतात.

घरच्यांना पटवायचे कसे?

‘हे मुलींचे काम नाही’ असे अजूनही ऐकू येते. पण दुपारी अडीच वाजता इमारतीत कोण असते? बहुतेक गृहिणी, ज्येष्ठ आणि शाळेतून आलेली मुले. त्या वेळी आग लागली तर पहिली मदत त्यांनाच करावी लागते. म्हणून महिलांनी हे शिकणे जास्त गरजेचे आहे.

घरच्यांना काळजी वाटत असेल तर प्रशिक्षण पाहायला त्यांनाही सोबत न्या. नोकरी करत असाल तर वरिष्ठांना आधीच कल्पना द्या. एखादी वाईट घटना पाहिल्यावर झोप लागत नसेल, तर ते मनात न ठेवता सहकाऱ्यांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

आजपासून इतके तरी करा

- १०१ आणि ११२ हे क्रमांक घरातल्या मुलांकडून पाठ करून घ्या.
- सोसायटीतील अग्निशामकाची मुदत तपासा.
- जिन्यातील सायकली, कपाटे आणि कुंड्या हलवा.
- गच्चीला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे असते, हे सगळ्यांना कळू द्या.
- ज्यांना जिना उतरता येत नाही, अशा शेजाऱ्यांची मजल्याप्रमाणे यादी करा.

शेवटचे काम आधी करा. एका संध्याकाळी चार घरांची बेल वाजवली तरी ते होते आणि त्यासाठी कुठेही नाव नोंदवावे लागत नाही.