चाकांची कुळकथा — लेखांक ९ : मोकळा तुंबा

मागील लेखांकात डिफरन्शियलच्या पोटातील दंतचक्रांचा विचार करताना आपण वाहनाच्या मध्यभागी होतो. आज त्याच शक्तीच्या मार्गाने पुढे सरकत चाकाच्या अगदी टोकाशी, म्हणजे आपल्या बैलगाडीच्या परिभाषेत ज्याला तुंबा म्हणतात त्या भागाशी, आपल्याला पोहोचावयाचे आहे. ज्याच्यात आरे रोवलेले असतात आणि ज्याच्या पोटातून आस आरपार गेलेला असतो, तो लाकडी तुंबा आसाभोवती मोकळा फिरतो, कारण गाडी ओढणारी शक्ती चाकातून येतच नाही. ती बैलांच्या खांद्यावरील जुवातून येते आणि चाकाकडे केवळ भार वाहण्याचे काम उरते. मोटारीचे शक्तियुक्त चाक ह्याच्या उलट. तेथे आस चाकाला फिरवितो, म्हणून दोहोंची गाठ पक्की असावी लागते. परंतु ज्या मालमोटारीची चारही चाके गरजेप्रमाणे चालविता येतात, तिच्या पुढच्या चाकांना ह्या दोन्ही चाकऱ्या आळीपाळीने कराव्या लागतात: चिखलात, बर्फात वा चढणीवर ती स्वतः ओढतात, आणि एरवी डांबरी सडकेवर शेकडो मैल ती बैलगाडीच्या चाकासारखी नुसती वाहतात. ओढणे थांबले म्हणजे ही गाठ नेमकी कोठे सोडावयाची, हा ह्या लेखांकाचा प्रश्न आहे, आणि तो दिसतो त्याहून बराच खोल आहे.

उदाहरणादाखल अमेरिकेतील डॉज रॅम २५०० व ३५०० ह्या वजनदार पिकअप मोटारी घेऊ. १९९४ पासूनच्या ह्या गाड्यांत, विशेषतः कमिन्सचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन असलेल्यांत, पुढचा आस असा आहे की त्याच्या रचनेतूनच आपला प्रश्न उभा राहतो. चालकाने दांडा ओढून ‘दोन चाके’ असा हुकूम दिला, म्हणजे ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या व मागच्या आसांना शक्ती वाटून देणाऱ्या पेटीत, पुढच्या शाफ्टकडे जाणारी शक्ती तुटते. वाचकाला वाटेल की पुढचा सारा कारखाना आता निवांत पडून राहिला असेल. पण तसे होत नाही. इंजिनाने फिरविणे थांबविले तरी रस्ता फिरवीतच असतो. चाक जमिनीवर गडगडते, ते आपल्याशी जखडलेल्या टोकाच्या शाफ्टाला फिरविते, तो युनिव्हर्सल जॉइंटातून आतल्या शाफ्टाला, तो डिफरन्शियलला, आणि डिफरन्शियल पुन्हा ट्रान्सफर केसकडून येणाऱ्या पुढच्या लांब शाफ्टाला. शक्तीचा प्रवाह उलटा होतो इतकेच. फिरणे, झिजणे आणि तापणे मामुलाप्रमाणे चालूच राहते.

कारखानदारांना हे कळत नव्हते असे मुळीच नाही. १९९४ नंतरच्या रॅममध्ये त्यांनी गाठ सोडण्याची जागा आसाच्या मध्यावर, लांब बाजूच्या नळीत, मुक्रर केली. तेथे शाफ्टाचे दोन तुकडे असून एक सरकणारी दातेरी कडी त्यांना जोडते किंवा सोडते आणि ही कडी निर्वाताच्या जोराने हलते. कडी सरकली की डिफरन्शियलचे मोठे चक्र व पुढचा लांब शाफ्ट थांबतात, हा फायदा खरा. परंतु आखूड बाजूचे चाक आपल्या शाफ्टाला फिरवीतच राहते, डिफरन्शियलमधील लहान चक्रे त्यामुळे गरगरतात, आणि पलीकडच्या शाफ्टाचा तुटलेला आतला तुकडा उलट्या दिशेने फिरू लागतो. म्हणजे अर्ध्या चाकरांना रजा आणि अर्ध्यांना दुप्पट धावपळ! २००२ पासून ही योजनाही बरखास्त झाली. २००३ च्या नव्या गाडीत डॅना कंपनीच्या आसाऐवजी अमेरिकन अ‍ॅक्सल कंपनीचा आस आला, त्यात मध्येच तोडण्याची सोय नव्हती, आणि पुढची सारी यंत्रणा गाडी चालेल तितका वेळ अखंड फिरू लागली. पुढे २०१३-१४ च्या सुमारास कंपनीने तोडणी पुन्हा रुजू केली, ह्यातच मधल्या काळातील मालकांच्या तक्रारीचे उत्तर आले असे मी समजतो.

वस्तुतः ह्या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर त्याच्या पन्नासेक वर्षे आधीच सापडलेले होते. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या पुढच्या आसाला मोकळे होण्याची सोयच नव्हती. लढाईच्या धामधुमीत तिची गरजही कोणाला भासली नाही. युद्ध संपल्यावर ह्या जीपा लिलावात निघून शेतकरी, शिकारी आणि टपालवाले ह्यांच्या हाती आल्या, आणि रोजच्या सडकेवर पुढचा आस फुकट फिरविण्याचा खर्च खिशाला जाणवू लागला. तेव्हा वायव्य अमेरिकेतील आर्थर वॉर्न ह्यांनी १९४८ मध्ये ह्या जीपांसाठी कुलूपबंद तुंबे तयार करून विकण्यास आरंभ केला. आपल्याकडेही महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जुळविण्यास सुरुवात केली होती. तेव्हा हा विषय मराठी कारागिराला अगदीच परका आहे असे नाही. वॉर्न ह्यांच्या कल्पनेचे मर्म एवढेच, की गाठ सोडावयाची तर ती आसाच्या मध्यावर किंवा ट्रान्सफर केसमध्ये न सोडता जेथून रस्त्याचे फिरणे आत शिरते त्या उंबरठ्यावरच, म्हणजे तुंब्यात, सोडावी. टोपणावरील चकती फिरविली की आतली दातेरी कडी बाहेर सरकते, शाफ्टाचा आणि तुंब्याचा संबंध सुटतो, आणि चाक पुन्हा बैलगाडीचे चाक होते.

डॉजच्या १९९३ पर्यंतच्या वजनदार गाड्यांत अशी सोय होती. मग ती गेली का? ह्याचे कारण बेअरिंगच्या इतिहासात आहे, आणि तेथे थोडे रेंगाळल्यावाचून पुढील काम समजणार नाही. हेन्री टिमकेन हे सेंट लुईस येथील घोडागाड्या बांधणारे गृहस्थ. जड गाडी वळताना चाकावर केवळ वरून भार पडत नाही, बाजूनेही रेटा बसतो, हे लक्षात घेऊन त्यांनी निमुळत्या रुळांचे बेअरिंग सिद्ध केले आणि १८९८ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. निमुळते रूळ दोन्ही दिशांचा भार पेलतात. पण त्यांचा खरा गुण असा, की बाजूचे नट आवळून वा सैल करून त्यांच्यातील फट मनाजोगती ठेवता येते आणि झीज झाली तर पुन्हा भरून काढता येते. ते उघडता येतात, धुता येतात, त्यांत नवे ग्रीस भरता येते. १९९४ पासून रॅममध्ये ह्यांच्या जागी आले ते कारखान्यातच मोहोरबंद केलेले एकसंध बेअरिंग. ते चार बोल्टांनी स्टिअरिंगच्या नकलवर, म्हणजे आसाच्या टोकाशी चाकासह वळणाऱ्या सांध्यावर, बसते आणि आरपार गेलेल्या शाफ्टाचा मोठा नट आवळल्यानेच ते एकत्र दाबून धरले जाते. जोडणीचा वेळ वाचला, हा कारखान्याचा नफा. परंतु त्या रचनेत चाक शाफ्टापासून वेगळे काढताच येत नाही. आणि बेअरिंग घरघरू लागले, तर त्यात ग्रीस घालण्यास छिद्रही नाही, सबंध नग फेकून शेकडो डॉलरांचा दुसरा बसविणे हाच एक मार्ग. मोठे टायर लावणाऱ्या मालकांना ही पाळी लवकर येते. फोर्डने आपल्या सुपर ड्यूटी गाडीत मोहोरबंद बेअरिंग घेऊनही कुलूपबंद तुंबा कायम ठेवला, ह्यावरून दोहोंचे जन्मजात वैर नाही हे दिसते. तेव्हा रॅममधील त्याग हा तंत्राचा नाइलाज नसून हिशेबाचा निर्णय होता, असे माझे मत आहे.

ज्यांना हा निर्णय मान्य नाही त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियातील डायनाट्रॅकसारख्या कंपन्या ‘फ्री-स्पिन’ संच विकतात. त्यात दोन्ही बाजूंचे स्पिंडल (म्हणजे तुंबा ज्यांच्याभोवती फिरतो ते पोकळ, स्थिर खुंट), नवे तुंबे, टिमकेनच्या जातीची निमुळती बेअरिंगे, तेलरोधक, टोकाचे नवे शाफ्ट आणि हाताने फिरवावयाची कुलुपे असा ऐवज असतो. किंमत दोन हजार डॉलरांच्या वर जाते. केवळ इंधनाच्या बचतीच्या भरवशावर हा खर्च करू नये. ती बचत असते, पण ती लहान असते. लाभ आहे तो बेअरिंगांच्या व जॉइंटांच्या आयुष्यात, आणि विशेषतः पुढच्या लांब शाफ्टाला मिळणाऱ्या विसाव्यात, कारण त्याचा दुहेरी जॉइंट कोरडा पडून चालत्या गाडीत तुटला, तर मोकळे सुटलेले टोक गिअरबॉक्सचे कवच फोडू शकते.

आता प्रत्यक्ष कृती. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना अटकाव लावावा, पुढचा आस जॅकने उचलून भक्कम घोड्यांवर ठेवावा आणि मगच खाली हात घालावा. चाक, ब्रेकचा कॅलिपर व डिस्क काढताना कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये, तारेने वर बांधून ठेवावा. १९९९ पर्यंतच्या गाड्यांत डिस्क तुंब्याच्या मागे अडकलेली असल्याने ती बेअरिंगबरोबरच बाहेर येते. कॉटर पिन उपसून मधला मोठा नट सोडवावा. त्याला १ पूर्णांक ११/१६ इंचाचा सॉकेट लागतो आणि हात लांब करणारा दांडाही लागतो. इथवर काम सोपे. त्यानंतर जे येते त्याने भल्याभल्यांचा एकेक दिवस खाल्ला आहे: चार बोल्ट सुटतात, पण वर्षानुवर्षांच्या गंजाने बेअरिंग नकलमध्ये असे धरून बसलेले असते की हातोड्याने ते हलत नाही आणि छिन्नीने नकलची कड मात्र दुखावते. ह्यावर तेथील कारागिरांनी शोधून काढलेली युक्ती मला फार आवडते. बोल्ट पूर्ण न काढता काही आटे सैल ठेवावे, एका बोल्टच्या डोक्यावर सॉकेट व त्याचा जोडदांडा बसवून दांड्याचे दुसरे टोक आसाच्या घराला टेकवावे, आणि इंजिन चालू करून स्टिअरिंग सावकाश फिरवावे. चाके वळविण्यासाठी दिलेली तेलाची शक्तीच बोल्ट पुढे रेटते आणि बेअरिंग केसभर बाहेर येते. मग दुसरा बोल्ट, मग समोरचा, अशी पाळी फिरवीत राहावे म्हणजे ते वाकडे न होता निघते. हे चालू असताना दांड्याजवळ कोणाचाही हात असता कामा नये.

बेअरिंग निघाले की जुना शाफ्ट त्यामागून ओढून काढावा, आणि बाकावर त्याचा टोकाचा भाग बदलून नव्या युनिव्हर्सल जॉइंटने जोडावा. (हा जॉइंट क्लॅरेन्स स्पायसर ह्यांनी १९०३ मध्ये मोटारीसाठी पेटंट केला, त्यांची कंपनी पुढे चार्ल्स डॅना ह्यांच्या हाती गेली, आणि त्यांचेच नाव ह्या आसावर आहे.) शाफ्ट परत सारताना आतल्या तेलरोधकाची कड खरचटू नये एवढी काळजी घ्यावी. नकलचे भोक तारेच्या ब्रशने चकचकीत करून, गंजरोधक लेप देऊन त्यावर स्पिंडल बसवावा. गाडीला एबीएस असेल, तर चाकाची गती मोजणाऱ्या संवेदकाची तजवीज संचात आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहिलेले असावे. तसेच नव्या तुंब्याचे तोंड चाकाच्या मध्यछिद्रातून बाहेर येण्यास जागा आहे ना, हेही.

बेअरिंग भरणे आणि आवळणे हा ह्या कामाचा आत्मा आहे. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहावी, जोवर ते रुळांच्या मधून पलीकडे फुटून येत नाही; वरवर फासलेले ग्रीस हे न घातल्यासारखेच. आतले बेअरिंग व रोधक बसवून तुंबा स्पिंडलवर चढवावा, बाहेरचे बेअरिंग सारावे, आणि तुंबा हाताने फिरवीत फिरवीत आतला नट सुमारे ५० फूट-पौंडांपर्यंत आवळावा, म्हणजे रूळ आपापल्या जागी बसतात. तो तसाच ठेवला तर बेअरिंग जळेल. म्हणून तो सैल करून पुन्हा हलका आवळावयाचा, मध्ये अडकवणीची चकती घालावयाची आणि बाहेरचा नट संचाच्या पत्रकात दिलेल्या मापाने घट्ट करावयाचा. त्यानंतर चाक वरखाली धरून हलवावे; खडखड नको, आणि फिरविताना जडपणाही नको. ह्या दोन दोषांमधली जागा फार अरुंद आहे. माप जुळले नाही तर दोन्ही नट पुन्हा सोडावे, त्याचा कंटाळा करू नये.

शेवटी कुलूप बसते. ते वापरण्याचा कायदा थोडक्यात असा: दोन्ही बाजू एकत्रच लावाव्या, कारण एकच लावली तर डिफरन्शियल सारे फिरणे मोकळ्या बाजूला वाहून नेते आणि पुढची चाके काहीच ओढत नाहीत. चिखलात रुतल्यावर खाली उतरून गुडघाभर पाण्यात चकती चाचपण्यापेक्षा कच्चा रस्ता दिसताच ती लावणे बरे. लावलेली राहिली तरी दोन चाकांवर चालताना काही बिघडत नाही, फक्त विसावा तहकूब होतो. तुंबे मोकळे ठेवून ट्रान्सफर केस खालच्या वेगात टाकली, तर केवळ मागच्या चाकांवर अतिशय मंद चाल मिळते, आणि जड ट्रेलर अरुंद जागेत मागे घेताना तिच्यासारखी सोय नाही. वाटेत पुढचा जॉइंट तुटलाच, तर तुंबे मोकळे करून, लागल्यास तुटका शाफ्ट उपसून, गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आणता येते. रॅमच्या मूळ मोहोरबंद रचनेत हे साधत नाही. महिन्यातून एकदा मात्र कुलुपे लावून, पुढची यंत्रणा जोडून, मऊ मातीवर काही मैल चालवावे, म्हणजे आतल्या चक्रांना व रोधकांना तेल लागते.

काम संपल्यावर, गाडी घोड्यांवरच असताना, दोन्ही चकत्या मोकळ्या करून चाक हाताने फिरवावे आणि वाकून खाली पाहावे: चाक फिरते आहे आणि लांब शाफ्ट स्तब्ध आहे, असे दिसले पाहिजे. पहिल्या काही शे मैलांनंतर नटांची फट पुन्हा एकदा तपासावी. हेच कुलूप चालकाला खाली न उतरविता निर्वाताच्या जोरावर आपोआप लागावे म्हणून फोर्डने जी योजना केली, तिचा तपशील पुढील लेखांकात पाहू.