चुनखडीचा खडा आणि न दिसणारे गवंडी

आजच्या भागासाठी एक लिंबू हाताशी ठेवा. आमच्या पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या काळ्या रानात चुनखडीचे पांढुरके खडे सापडतात ना, त्यातल्या एकावर रस पिळा. बारीक बुडबुडे येतील. तो कार्बन डायऑक्साइड! खड्यात कोंडलेला वायू बाहेर पडतोय.

तो आत कोंडला कसा? बेसॉल्ट खडक झिजून मातीत कॅल्शियम येतं. मुळं आणि जीवाणू श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो पाण्यात विरघळतो. पाऊस कमी, ऊन जास्त. पाणी आटलं की कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुना, खाली बसतो. काही जीवाणू या कामाला वेग देतात. युरियाचं विघटन करून ते भोवतालचं पाणी अल्कधर्मी करतात. त्यांच्या पेशीवर ऋण भार असतो, त्यामुळे कॅल्शियम तिथं चिकटतं आणि पेशीभोवती स्फटिक वाढतो.

हीच युक्ती बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं आणि इस्रोनं वापरली. २०२० मध्ये त्यांनी चंद्रावरच्या मातीसारखी माती, युरिया, गवारीचा डिंक आणि स्पोरोसार्सिना पाश्चुरी हा जीवाणू घेऊन विटा बनवल्या. भट्टी नाही, सिमेंट नाही! काँक्रीटच्या भेगा बुजवायलाही असे जीवाणू वापरून बघतायत.

मग पर्यावरणाचा प्रश्न सुटला का? माझं मत विचाराल तर, जरा थांबा. एक, विरघळलेल्या बायकार्बोनेटपासून चुना बनताना त्यातला अर्धाच कार्बन खड्यात जातो, उरलेला परत वायू होतो. त्यात कॅल्शियम जुन्या चुन्यातूनच आलं असेल तर शिल्लक शून्य. ते बेसॉल्टमधून आलं तरच खरी बचत. दोन, युरिया फुटला की अमोनिया तयार होतो. तो आवरला नाही तर हवेत जातो किंवा नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो.

आणि हे फक्त प्रयोगशाळेत घडत नाही. चुनखडीच्या रानात युरिया नुसता वर फेकला तर तेच होतं: पैसे दिलेला नत्र हवेत! म्हणून तो मातीआड करा, लगेच हलकं पाणी द्या. अशा जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही, उसावर केवडा पडतो. अशा वेळी पान पिवळं दिसलं म्हणून आणखी युरिया ओतू नका. आधी माती तपासा, अहवालात मुक्त चुन्याचा आकडा बघा.

तुमच्या खड्यावर किती बुडबुडे आले, व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!