क्षयाच्या गोळ्या आणि पायांच्या मुंग्या



क्षयरोगाचे औषध सुरू होऊन महिना-दोन महिने झाले की काही रुग्ण सांगू लागतात, "ताई, पायांना मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते." नंदुरबारच्या डोंगरातल्या पाड्यांवर मी हे पुष्कळदा ऐकते. घरचे म्हणतात, औषध उष्ण पडले. मग गोळ्यांची पाकिटे कुडाला खोचलेली राहतात. खरा धोका तिथे सुरू होतो.

क्षयाच्या औषधांत आयसोनियाझिड हे मुख्य औषध आहे. ते जंतू मारते, पण शरीरातल्या ब-६ जीवनसत्त्वाच्या कामात आडवे येते आणि ते लघवीवाटे बाहेरही घालवते. नसांना हे जीवनसत्त्व लागते. सर्वांत लांब नसा पायांच्या, म्हणून त्रास दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन वर सरकतो. पुढे हातही बधिर होतात.

सर्वांनाच असे होत नाही. कुपोषित, दारू पिणारे, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा एचआयव्ही असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना धोका जास्त. शिवाय काहींचे शरीर जन्मतःच हे औषध सावकाश बाहेर टाकते, आणि भारतात असे लोक बरेच आहेत. आमच्या पाड्यांवर एकाच घरात यातली दोन-तीन कारणे सहज सापडतात.

उपाय स्वस्त आहे. धोका असलेल्या रुग्णाला औषधाबरोबरच ब-६ची, म्हणजे पायरीडॉक्सिनची, रोज १० मिलिग्रॅमची गोळी दिली तर त्रास बहुधा टळतो. मुंग्या सुरू झाल्या असतील तर डॉक्टर मात्रा वाढवतात. मनाने मात्र वाढवू नये. हेच जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत फार दिवस घेतले तर नसांना इजा करते. म्हणून कृपा करून गोळ्यांची खोकी परस्पर पाठवू नका. शेंगदाणे, डाळ, अंडी पाठवलीत तर ती मात्र कधी जास्त होत नाहीत!

क्षयाची गोळी आपण होऊन बंद करायची नाही. साधा उपचार सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. मध्येच सोडले तर रोग उलटतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. तशा क्षयाला लिनेझोलिड द्यावे लागते, आणि त्याने नसांना होणारी इजा अधिक चिवट असते. मुंग्यांना भिऊन गोळ्या सोडणारा माणूस शेवटी याच औषधापाशी येऊन पोहोचू शकतो.

लघवी लाल-केशरी झाली तर घाबरू नये, तो रिफाम्पिसिनचा रंग. पण नजर अंधुक झाली किंवा लाल-हिरवा ओळखेनासा झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. इथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेला बाधते. आणि अंगावर फिकट, बधिर चट्टा असेल तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. आमच्याकडे दोन्ही रोग आहेत, तेव्हा कपडे बाजूला सारून नीट तपासून घ्यावे.

मंडळीतले जे कोणी रुग्णांना भेटायला जातात, त्यांनी खोकल्याबरोबर पायांचीही चौकशी करावी. पोषणाचे दरमहा १,००० रुपये खात्यात येतात का, तेही विचारावे. नोव्हेंबर २०२४पासून ही रक्कम ५००वरून वाढली आहे. थंडीत तर तळवे स्वतः पाहावेत. बधिर पाय शेकोटीला लागले तरी माणसाला कळत नाही, आणि फोड दिसतो तो सकाळी.