घरच्या टेलिफोन सर्व्हरला मोबाइलचा चार्जर चालतो का?

रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा कॉम्प्युटर आणि ॲस्टेरिस्क हे मोफत सॉफ्टवेअर, एवढ्यावर घरात छोटं टेलिफोन एक्स्चेंज उभं राहतं. पण कॉल मध्येच तुटत असतील किंवा सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर आधी पॉवर सप्लाय तपासा.

किती वीज लागते?
'पाय ४'ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. 'पाय ५'साठी ५ अँपिअरचा. व्होल्ट जुळायलाच हवेत. अँपिअर जास्त असले तरी चालतात, कारण उपकरण गरजेपुरताच करंट घेतं.

फास्ट चार्जर का पुरत नाही?
१८ वॅटचा चार्जर पूर्ण ताकद अनेकदा ९ व्होल्टवर देतो, 'पाय'ला तर ५ व्होल्टच लागतात. म्हणून चार्जरवर ५ व्होल्टसमोर किती अँपिअर छापलेत ते पाहा. केबल लांब, बारीक असेल तर व्होल्टेज वाटेतच घटतं. ते ४.६३ व्होल्टच्या आसपास आलं की 'पाय' कमी व्होल्टेजचा इशारा देतो. वीज अचानक तुटली तर मेमरी कार्डवरचा डेटाही खराब होऊ शकतो.

लाइट गेली तर?
जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट मिळायचे, म्हणून अंधारातही फोन लागायचा. इथे ती सोय तुम्हालाच करावी लागते. सर्व्हर, राउटर आणि फोन या सगळ्यांचे वॅट मोजा, त्यात पाव भाग वाढवा आणि तेवढा भार पेलणारा यूपीएस घ्या. नुसता सर्व्हर सुरू राहून उपयोग नाही. राउटर बंद पडला तर अडीअडचणीला कॉल लागणारच नाही.